वेशीबाहेरचा पहारेकरी

पेशवाईतल्या दख्खनी गावात रात्री घर फुटलं की सकाळची पहिली घाई असे ती माग मोडू न देण्याची. गुरं रानाकडे सुटली, बाया पाणवठ्याला निघाल्या, की धुळीतली पावलं गेलीच म्हणून समजा. त्याआधीच गावचा जागल्या त्या घराच्या मागच्या भिंतीशी हजर होई. भिंतीचं भगदाड बघे, बाहेर उमटलेली पावलं निरखे आणि त्यांच्या मागोमाग चालू लागे. माग गावच्या शिवेपलीकडे गेलेला दिसला तर पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून घ्यायचं आणि त्याला तो दाखवायचा. त्याची खात्री पटली की पहिल्याचं काम संपलं. पुढचा शोध दुसऱ्या गावाचा, तिथून तिसऱ्याचा. आणि ज्या गावात माग शेवटचा नक्की सापडला, पण तिथून पुढे नेता आला नाही, त्या गावानं चोरीचा माल भरून द्यायचा. जागल्यानं आपल्या ऐपतीइतकं भरायचं, उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसायची.

ही पद्धत आपल्याला इतकी बारकाईनं माहीत आहे ती माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनमुळे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर म्हणून त्याची नेमणूक झाली. हा मुलूख आजवर चालला कसा, हे त्यानं हाताखालच्या अधिकाऱ्यांना विचारलं. पुण्यात रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, साताऱ्यात ग्रँट, धारवाडकडे चॅपलिन. त्यांच्या उत्तरांवरून त्यानं ऑक्टोबर १८१९ मध्ये आपला अहवाल लिहिला. त्यातली गावच्या पोलिसीवरची पानं आजही वाचण्यासारखी आहेत, कारण लिहिणारा जेता असला तरी आंधळा नव्हता. गावाकडून भरपाई घेणं मुळात अन्यायाचं आहे, असं तो स्पष्ट म्हणतो. प्रत्येक चोरी रोखणं कुठल्याच गावाच्या हातात नसतं. पुरी भरपाई क्वचितच वसूल होई, हेही तो सांगतो. पण काहीतरी दंड बहुधा बसेच. हयगय किंवा चोरांशी संगनमत उघडकीला आलं तर पाटलाचं किंवा जागल्याचं इनाम काढून जवळच्या नातलगाला दिलं जाई, बेड्या पडत, फटके बसत.

म्हणजे शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायचं ते भूतदया म्हणून नव्हे. शेजारच्या गावच्या चोरीचा भुर्दंड उद्या आपल्या दारात येईल, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असे. चोराला आसरा देणारा पाटील आपल्याच गावाच्या खिशाला कात्री लावत असे. मोठं पोलीस खातं नव्हतं, तरी मुलूख बऱ्यापैकी सांभाळला जाई, याचं इंगित बरंचसं या धास्तीत आहे.

आता हा जागल्या कोण? प्रदेशाप्रदेशाप्रमाणे त्याची जात बदलत असे. देशावर बहुतेक गावी हे काम महारांकडे होतं. पुणे-सातारा भागात त्यांच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी रामोशी. खानदेशात भिल्ल, दक्षिणेला कर्नाटकच्या बाजूला बेरड, तर सह्याद्रीच्या काही भागात कोळी. गावच्या कारभारात पाटील वर, त्याच्या हाताशी कुलकर्णी आणि चौगुला, आणि खरी पायपीट करणारा हा माणूस सर्वांत खाली. गावात आला-गेला कोण, मुक्कामाला कोण उतरलं, कुणाचा पाहुणा आठ दिवस झाले तरी हलत नाही, हे त्यानं पाटलाच्या कानावर घालायचं. रात्री गस्त घालायची. शिवेचा तंटा झाला तर हद्द दाखवायची. सरकारी माणूस आला तर त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत पोचवायचं. तटबंदी असलेल्या गावात वेस उघडण्या-मिटण्याचं काम वेसकराचं. महार घरांत ही पाळी आळीपाळीनं फिरे आणि पाळी असलेला वेसकर घुंगरू लावलेली काठी हातात घेऊन गावात फिरत असे.

मोबदला काय? थोडी इनाम जमीन, खळ्यावरचं बलुतं, आणि घरोघरची भाकरी. एल्फिन्स्टननं इथे एक मार्मिक गोष्ट टिपली आहे. जागल्याला प्रत्येक घरच्या धान्यात थोडा थोडा वाटा असतो, म्हणून कुणाच्या घरी काय आलं, काय पिकलं याच्यावर त्याची नजर असते, आणि आपला हक्क गोळा करायला तो सतत हिंडता असतो. तेव्हा पहारा करायला वेगळं बाहेर पडायची त्याला गरजच नसे. भाकरी मागायला दारोदार जाणाऱ्याला कुठल्या घरात नवी पितळी भांडी दिसली, कुणाच्या सुनेच्या अंगावर अचानक दागिना आला, हे आपोआप कळे.

एल्फिन्स्टनला ही योजना कौतुकाची वाटली. असं दारोदार कुणाला आणि का फिरावं लागतं, हा प्रश्न त्यानं विचारला नाही. ज्याच्या भरवशावर गाव रात्री निवांत झोपे, त्याचं घर गावकुसाच्या आत नव्हतं. वेस लावणारा वेस लावून बाहेर जाई. दरोडा पडला तर पहिला वार त्याच्या झोपडीवर, आणि माग हरवला तर पहिली भरपाई त्याच्या गाठीतून. हे ध्यानात न घेता जुन्या गावगाड्याचं गुणगान करणारे आजही पुष्कळ भेटतात.

शहराची तऱ्हा वेगळी होती. पुण्यात कोतवाल होता, त्याच्या हाताखाली शिपाई होते, रामोश्यांची गस्त होती, आणि रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरणाऱ्याला चौकीवर बसवून ठेवत. इथे शेजाऱ्यावर जबाबदारी नव्हती. होती ती एका अधिकाऱ्यावर, आणि त्याला आवरणारं कुणी नसलं म्हणजे काय होतं ते १७९१ च्या ऑगस्टमध्ये पुण्यानं पाहिलं. घाशीराम कोतवालाच्या माणसांनी दक्षिणेसाठी आलेल्या परगावच्या ब्राह्मणांना पकडून एका कोंदट जागेत डांबलं. सकाळपर्यंत त्यांतले वीसएक जण गुदमरून मेले होते. शहर खवळलं, नाना फडणविसांना घाशीरामाला जमावाच्या हवाली करावं लागलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

गावांतली व्यवस्था मोडायला लागली ती इंग्रज येण्याआधीच. दुसऱ्या बाजीरावानं महालांची वसुली मक्त्यानं द्यायला सुरुवात केली. मक्तेदाराला वर्षाच्या आत आपले पैसे सव्याज काढून घ्यायचे असत. गावाची राखण नीट होते की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. उलट पकडलेल्या दरोडेखोराकडून पैसे घेऊन त्याला सोडणं फायद्याचं ठरे. खानदेशावर तर त्याहून मोठा घाला पडला. होळकरांच्या फौजांची लुटालूट आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, यांत गावंच्या गावं ओस पडली. गावच नाही तर बलुतं कुठलं? राखणीवर जगणारे भिल्ल डोंगरांत शिरले, आणि ज्या वाटा त्यांनी आजवर सांभाळल्या त्याच अडवून बसले. १८१८ मध्ये इंग्रज खानदेशात आले तेव्हा घाटवाटा बंद होत्या.

एल्फिन्स्टनचं धोरण होतं, जुनं चालतंय तितकं चालू द्यावं. खानदेशात ब्रिग्जनं भिल्ल नाईकांना तनखे लावून दिले, वाटांची राखण पुन्हा त्यांच्याकडे सोपवली. ते पुरेसं झालं नाही. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रमनं भिल्लांचीच पलटण उभारली, जी पुढे भिल्ल कोअर म्हणून ओळखली गेली. आउट्रम त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांचा विश्वास त्यानं मिळवला. पलटणीतल्या भिल्लाला रोख पगार होता. हा मुद्दा लहान वाटतो, पण पुण्याकडे जे बिनसलं ते नेमकं याच्या अभावी.

पुरंदरच्या पायथ्याला भिवडी नावाचं गाव आहे. तिथल्या रामोशी घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याची राखण होती. पेशवाईच्या अखेरीस ते काम आणि त्याबरोबरचे हक्क त्यांच्या हातून निसटले. इंग्रजी अंमल आल्यावर ते परत मिळतील ही आशाही फोल ठरली. किल्ले ओस पडले, शिबंदी मोडली, हजारो हत्यारबंद माणसं बेकार झाली. गावोगावच्या हक्कांचे कागद मागितले जाऊ लागले, आणि तोंडी रिवाजावर चाललेल्या राखणीला कागद कुठून असणार? त्याच भिवडीत १७९१ साली जन्मलेला उमाजी नाईक खोमणे १८२० च्या दशकात या असंतोषाचा म्होरक्या झाला.

उमाजीची कहाणी बहुतेकांना बंडखोर म्हणून ठाऊक आहे आणि ती तशी आहेच. पण तिचा मधला भाग आपल्या विषयाच्या दृष्टीनं फार बोलका आहे. १८२६ पासून सरकारनं त्याच्यावर जाहीरनामे काढले, बक्षिसं लावली, फौजा पाठवल्या. पुरंदर-जेजुरीच्या डोंगरात तो हाती लागेना. गावं त्याची बातमी देत नव्हती. काही भीतीनं, काही आपुलकीनं. शेवटी सरकारनंच पड खाल्ली. १८२८ मध्ये त्याला माफी देऊन नोकरीत घेतलं आणि त्या मुलखातल्या चोऱ्या-दरोडे आवरायचं काम त्याच्यावरच सोपवलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं पुण्यातल्या शहाण्यांनी म्हटलं असेल. रामोश्यांच्या लेखी मात्र त्यात नवल काहीच नव्हतं. पूर्वापार चालत आलेली राखण सरकारनं मान्य केली, इतकंच. राखण आली की राखणीचा हक्कही आला, या हिशोबानं उमाजी गावांकडून आपला वाटा वसूल करत राहिला. सरकारच्या वहीत तीच वसुली खंडणी ठरली.

हे फार दिवस टिकणं शक्य नव्हतं. १८३० च्या अखेरीस उमाजी पुन्हा डोंगरात गेला आणि १८३१ च्या त्याच्या जाहीरनाम्यात इंग्रजांचं राज्यच उलथून टाकण्याची भाषा आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भोरजवळच्या उत्रोळीत तो पकडला गेला, तोही ओळखीच्या माणसांनी दगा दिल्यामुळे. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिलं. त्याच्यामागे लागलेल्या अधिकाऱ्यांपैकी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यानं नंतर रामोशी जमातीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात रामोश्यांचा खंडोबावरचा विश्वास, भंडाऱ्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, त्यांची सांकेतिक बोली, नाईकांचे मान आणि उमाजीचं चरित्र असं सगळं आहे. वाचताना लेखकाला आपल्या शत्रूविषयी वाटणारा आदर लपत नाही. पण अख्ख्या जमातीचा स्वभावच चोरीचा, हा समजही पानोपानी डोकावतो. पुढच्या पिढ्यांतल्या साहेबांनी आदर सोडला, समज तेवढा ठेवला.

कायद्यात काय झालं तेही पाहू. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना कायद्यांचं जे बाड तयार झालं, त्यात पाटलाकडे गावची पोलिसी कायम राहिली. मग १८६७ मध्ये मुंबई सरकारनं एकामागोमाग दोन कायदे केले. सातव्या क्रमांकाचा कायदा जिल्हा पोलिसांसाठी, आठव्या क्रमांकाचा गावच्या पोलिसांसाठी. पहिल्यानं पगारी, गणवेशातली, वरिष्ठांना जबाबदार अशी फौज पक्की केली. दुसऱ्यानं पोलीस पाटील पक्का केला. किरकोळ मारामारी-शिवीगाळीबद्दल माणसाला काही तास बसवून ठेवण्याचा अधिकार, संशयास्पद मृत्यूचा पंचनामा, परक्या माणसांची खबर, ही त्याची कामं. माग आणि गावाची भरपाई यांचा रिवाज हळूहळू मागे पडला. चोरी झाली तर आता फौजदाराकडे वर्दी द्यायची.

गावाची जबाबदारी गेली. जागल्याची गेली नाही. पाटील सरकारी माणूस झाला, फौजदाराला पगार सुरू झाला, आणि या दोघांच्या निरोपासाठी, ओझ्यासाठी, गस्तीसाठी लागणारा माणूस मात्र पूर्वीइतकाच भाकरीवर राहिला. काम सरकारचं, पोट गावाच्या मर्जीवर. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी फसवणूक ही आहे, आणि ती कुणी एकानं ठरवून केलेली नाही. सरकारला फुकट मिळणारा नोकर सोडवत नव्हता, गावाला हाताखालचा माणूस.

रामोश्यांकडून गावची राखण गेली, पण पुण्याच्या छावणीत तिला नवं गिऱ्हाईक मिळालं. तिथे बंगला घेतला की रामोशी पहारेकरी ठेवायचा, हा अलिखित नियम होता. ठेवला तर वस्तू जागच्या जागी. नाही ठेवला तर पहिल्या आठवड्यातच चांदीचे चमचे गायब, असं तिथे राहिलेले इंग्रज लिहून गेले आहेत. साहेब लोक याला गमतीनं चोराला दिलेला हप्ता म्हणत. गंमत म्हणून ठीक आहे. पण रामोशी नेमलेल्या घरी दुसऱ्यानं हात मारायचा नाही, हा जमातीचा आपापसातला करार होता, आणि तो पाळला जाई. गावगाड्यातल्या राखणीचा हा उरलासुरला अवशेष. फक्त शिवेच्या जागी बंगल्याचं कुंपण आलं.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळानं उरलीसुरली घडी विस्कटली. खळ्यावर धान्यच नाही तर बलुतेदाराला कोण देणार? पुणे-सातारा भागात दरोडे वाढले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी सरकारविरुद्ध शस्त्र उचललं तेव्हा त्यांच्या बाजूला उभे राहिलेल्यांत रामोशीच पुढे होते. त्यांचा साथीदार दौलतराव नाईक त्याच वर्षी कोकणात चकमकीत मारला गेला. सरकारच्या दृष्टीनं आता शंकेला जागा उरली नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात सुरू झाला होता. १९११ च्या नव्या कायद्यानं त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि १९२४ मध्ये तो आणखी आवळला गेला. जमात जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांनी नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना काढायचा. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या, आणि गिरण्यांना त्यातून स्वस्त मजूर मिळाले. रात्री जागं राहून गावाची हजेरी घेणाऱ्यांच्या नातवंडांना आता चौकीत जाऊन आपली हजेरी द्यावी लागत होती. हजेरी कुणाकडे? पुष्कळ गावांत पोलीस पाटलाकडेच.

याच सुमारास, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ प्रसिद्ध झालं. आत्रे महसूल खात्यातले, खेड्यांची खडान्‌खडा माहिती असलेले. गावच्या व्यवहाराचं इतकं तपशीलवार पुस्तक मराठीत दुसरं नाही. पण आत्र्यांची सहानुभूती कुणब्याकडे आहे. त्यांच्या नजरेला बलुतेदार आणि फिरस्ते हे त्याच्या खळ्यावर बसलेलं ओझं दिसतं. त्यांनी दाखवलेलं ओझं खरं आहे. खालून पाहिलं तर तोच हिशोब कसा दिसतो, हे सांगायला मुंबईच्या कायदेमंडळात दुसरा माणूस उभा राहावा लागला.

मार्च १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वंशपरंपरागत वतनांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. त्यांचं म्हणणं साधं आणि आकड्यांवर बेतलेलं होतं. वतनदार महार हा सरकारचा नोकर आहे, चोवीस तास बांधील आहे. तो हजर नसेल तर त्याच्या घरचा दुसरा माणूस कामाला धरला जातो. त्याबदल्यात सरकार देतं ते जवळजवळ नाहीच, आणि बाकीचं बलुतं गावकऱ्यांच्या हातात. महारांनी पाणवठ्यावर हक्क सांगितला, मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं, की गावानं बलुतं तोडायचं. पहारेकऱ्याची उपासमार करण्याचं हत्यार ज्यांच्या घरांवर तो पहारा देतो त्यांच्याच हाती, अशी ही रचना. बलुत्याऐवजी सारा वसूल करतानाच पैशात कर घ्यावा आणि त्यातून पगार द्यावा, असा त्यांचा तोडगा होता. विधेयक समितीकडे गेलं, तिथे त्याची धार बोथट होत गेली, आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतलं. दहा वर्षांनी, डिसेंबर १९३९ मध्ये, नगर जिल्ह्यातल्या हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद भरली तेव्हा हा प्रश्न जिथल्या तिथे होता. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यानं केला तो १९५८ चा. १९५९ मध्ये तो अंमलात आला. मग गावासाठी सरकारी पगाराचा कोतवाल नेमला जाऊ लागला.

दरम्यान सातारा जिल्ह्यात एक वेगळाच प्रयोग होऊन गेला होता. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं बऱ्याच गावांतून इंग्रजी अंमल जवळपास हद्दपार केला. चळवळीच्या गोंधळात दरोडेखोर आणि गावगुंड मोकाट सुटले होते, तेव्हा त्यांचा बंदोबस्त करणं हे प्रतिसरकारच्या पहिल्या कामांपैकी एक ठरलं. जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकारानं तुफान सेना उभी राहिली, गावोगावी न्यायमंडळं बसली. शिक्षा कडक असत, कधी क्रूरही. पहारा मात्र गावातल्याच तरुणांचा होता, आणि त्यात एका जातीवर भार टाकलेला नव्हता.

गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. जमाती विमुक्त झाल्या; महाराष्ट्राच्या यादीत अशा चौदा जमाती आहेत, त्यांत रामोशी आहेत, बेरड आहेत. जुन्या राखणदारांची नावं सरकारी कागदावर एकत्र पाहायची तर ही यादी उघडावी लागते. यादीनं सवलती मिळाल्या. गावाच्या नजरेतला संशय काही कायद्यानं रद्द होत नाही. चोरी झाली की पहिली धाड रामोशीवाड्यावर, पारध्यांच्या पालावर, हा रिवाज पोलिसांनी आणि गावकऱ्यांनी मिळून पुढे चालवला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीस पाटलाचं पद घराण्यातून काढून नेमणुकीचं केलं. आज ते मानधनावर चालतं, आणि पुष्कळ गावांत बाया त्या पदावर आहेत. ग्रामरक्षक दलंही कायद्यात आली. बिबट्या आला, चोर आले, की अनेक गावांत एका फोनवर घरोघरचे मोबाइल एकदम वाजतात.

ही सोय चांगलीच आहे. तिच्या वेगानं काय होऊ शकतं ते २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यानं दाखवलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा निरोपांचा व्हॉट्सॲपवर काही दिवसांपासून पूर आला होता. रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी भटकत आलेले. त्यांतल्या एकानं एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढं निमित्त पुरलं. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. जुन्या गावातही परका माणूस संशयाचाच धनी असे, आणि जागल्याही पाटलाला चुगली करणारच. फरक इतकाच, की तो आधी जाऊन नाव-गाव विचारत असे, भटक्यांच्या वाटा आणि हंगाम त्याला पाठ असत, आणि चूक झाली तर जाब त्यालाच द्यावा लागे.

१६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात तेच घडलं. चोर फिरताहेत या अफवेनं आसपासची गावं रात्री पहारा देत होती. दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक सुरतेकडे निघाले होते, त्यांची गाडी अडवली गेली. गावच्या सरपंच बाईंनी जमावाला बराच वेळ थोपवायचा प्रयत्न केला, पोलीसही आले. तिघेही पोलिसांदेखत मारले गेले.

राईनपाड्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं जमावाच्या हिंसेवर एक निकाल दिला. याचिका गोरक्षणाच्या नावानं होणाऱ्या मारहाणीबद्दलची होती, पण आदेश सर्वच जमावांना लागू होते. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी यासाठी नेमावा, हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, खटले जलद चालावेत, आणि बळी पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी राज्यांनी महिन्याभरात भरपाईची योजना आखावी. ही भरपाई सरकारी तिजोरीतून द्यायची आहे; ज्या गावात माणसं मारली गेली त्या गावावर तिची पट्टी बसत नाही. एल्फिन्स्टनला हे न्यायाचं वाटलं असतं.